खालच्या खणातली तारीख

मी शिक्का. बोलणं हा माझा धंदा नव्हे. माझा धंदा आपटण्याचा. पण आता आपटायला कुणी घेत नाही, तेव्हा बोलून घेतो.

माझ्या तोंडावर वर ‘आवक’, खाली ‘शिष्यवृत्ती विभाग’ आणि मधे तारीख. तारखेसाठी पोटात रबराच्या तीन पट्ट्या: दिवसाची, महिन्याची, वर्षाची. वर्षाच्या पट्टीवर बाराच आकडे. विद्यापीठाच्या मागच्या गल्लीतल्या शिक्केवाल्याने मला बनवलं आणि काकांच्या हातात देताना तो म्हणाला, “बारा वर्षं बघायला नको, साहेब. पुढे एक तर नवा करा, नाही तर नोकरी सोडा.” काका हसले. माणसांना आपली पट्टी दिसत नाही, म्हणून हसू येतं.

काका म्हणजे विभागातले जुने कारकून. अर्ज हातात आला की चष्मा कपाळावर चढवून ते आधी त्यातली उणीव शोधत, म्हणून पोरं त्यांना ‘त्रुटीकाका’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. रोज सकाळी आल्या आल्या, डबा ठेवायच्याही आधी, ते माझी तारीख पुढे सरकवत आणि वर्तमानपत्राच्या कडेला मला एकदा उमटवून बघत. मगच खिडकी उघडत. ती खिडकी अशी बेताची ठेंगणी, की मदत मागणाऱ्याला वाकल्याशिवाय बोलताच येऊ नये. बांधणाऱ्याला माणसांची चांगली पारख असावी.

विभागाचा नियम साधा होता. मी एकदा उमटलो की अर्ज नोंदवहीत चढे. चढलेल्या अर्जात एक कागद जरी कमी निघाला तरी त्यावर लाल शाईने ‘अपूर्ण’ लिहीत, आणि अपूर्णाला त्या वर्षी दुसरा अर्ज करता येत नसे. विद्येची दारं उघडायला काढलेल्या योजनेला अशा कड्या बऱ्याच असतात.

काकांनी या नियमावर आपली एक तोड काढली होती. कागद कमी असला की ते शिक्का मारतच नसत. अर्ज टाचणी लावून टेबलाच्या खालच्या खणात ठेवत आणि खणाला कुलूप घालत. राहिलेला कागद आला की खण उघडायचा, कागद जोडायचा, आणि मग मी. नियमात न बसणारं सगळं त्या खणात बसे. असे किती अर्ज पार झाले याची मोजदाद नाही. मोजदाद असती तर काका पहिल्या वर्षीच घरी गेले असते.

शिपाई मावशींना मात्र हे माहीत होतं. त्या म्हणत, “काका, एक दिवस हा खण तुम्हाला नडेल.”

“मला नडला तर नडू दे. पोरांना नडत नाही ना?” काका म्हणत.

माझ्या दहाव्या वर्षी ती आली. खांद्याला निळी कापडी पिशवी, हातात अर्ज. दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकत होती. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव लागलं तर फी माफ; नाही लागलं तर पटावरून नाव कमी. एवढं सोपं गणित होतं, आणि गणितात ती हुशार होती.

काकांनी चष्मा वर चढवला. “गुणपत्रिका मूळ, आहे. विभागप्रमुखांची सही, आहे. उत्पन्नाचा दाखला?”

“आई दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुते, काका. ठेकेदार उद्या देतो म्हणाला.”

“कधीपासून म्हणतोय?”

“अकरा दिवस झाले.”

काका समजले. ठेकेदार कागदोपत्री एक पगार दाखवतो आणि हातावर दुसरा ठेवतो. खरा आकडा लिहून द्यायला त्याचा हात कसा धजावा?

“त्याच्या पाठीस लाग. अजून आठ दिवस आहेत. तोवर तुझा अर्ज माझ्याकडे ठेवतो.”

“मग पोच द्या ना, काका. शिक्का मारून.”

“अगं, हा पडला की कागद माझा राहत नाही, नियमाचा होतो,” काका मला बोटाने टिचकी मारत म्हणाले. “माझ्यावर विश्वास आहे ना?”

आता यावर कोणती मुलगी ‘नाही’ म्हणेल? ती “हो” म्हणाली. अर्ज खणात गेला. त्या वर्षी खणात तिचा एकटीचाच अर्ज होता.

शेवटच्या तारखेला तीन दिवस उरले असताना काकांनी सकाळी माझी तारीख सरकवली, मला वर्तमानपत्राच्या कडेला उमटवलं आणि छातीवर हात ठेवून खुर्चीतच कलंडले. मावशींनी रिक्षा आणली. काका दवाखान्यात गेले. खणाची किल्ली त्यांच्या पँटच्या खिशात, पँट दवाखान्याच्या गाठोड्यात, आणि गाठोडं कोणत्या कपाटात ते दवाखान्यालाही सांगता येईना.

त्यांच्या जागी परीक्षा विभागातला एक तरुण कारकून बसवला. मनुष्य चोख. दुसऱ्याची टाचणीसुद्धा नोंद केल्याशिवाय उचलायचा नाही.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी ती धापा टाकत आली. दाखला मिळाला होता. नव्या कारकुनाने नोंदवही वरपासून खालपर्यंत बोटाने तपासली.

“तुमचा अर्जच नाही.”

“काकांकडे दिलाय.”

“पोच दाखवा.”

“काकांनी दिली नाही. त्यांनी खणात ठेवलाय.”

“खणात ठेवतात का अर्ज?”

“मग मी नवा भरते.”

“भरा की. मूळ गुणपत्रिका?”

“त्यालाच जोडलीये,” ती म्हणाली. बोलता बोलताच तिला सगळं कळलं असावं, कारण तिने खिडकीची चौकट धरली.

मावशी मधे पडल्या. “अहो, खालच्या खणात आहे. मी डोळ्यांनी बघितलंय. फोडा ते कुलूप!”

“कार्यालयाच्या टेबलाचं कुलूप फोडू? आणि उद्या काका म्हणाले आतलं घड्याळ गेलं, तर?”

प्रकरण अधीक्षक बाईंकडे गेलं. बाई दुष्ट नव्हत्या. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कुलूप फोडण्याबद्दल लेखी अर्ज द्यायला सांगितलं. तिने तिथेच बसून लिहिला. अक्षर फार सुरेख होतं. त्या अर्जावर मी उमटलो. दाखल्यावरही उमटलो, कारण आलेला कागद नवा कारकून परत करत नसे. दाखला ‘अर्जाविना आलेले कागद’ या फाइलीत गेला. कुलपाचा अर्ज मंजुरीसाठी वरच्या मजल्यावर गेला.

ती दवाखान्यात गेली. अतिदक्षता विभागाच्या दाराशी संध्याकाळपर्यंत बसली होती, असं मावशी सांगत होत्या. नातेवाईक नाही म्हणून तिला आत सोडलं नाही. आतल्या खाटांवर तिच्या आईने धुतलेल्या चादरी होत्या; पण ते नातं कुठल्या वहीत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता बाईंनी नोंदवहीत शेवटच्या नावाखाली दुहेरी रेघ ओढली आणि सही केली. मी टेबलावर होतो, अर्ज माझ्या दीड हात खाली. माझ्यात आणि त्याच्यात फक्त एक लाकडाची फळी.

तेवीस दिवसांनी काका परतले. गळ्याची हाडं वर आलेली. मावशींनी एका दमात सगळं सांगितलं. काकांनी हातातला डबा खाली ठेवला नाही, तसंच वाकून खण उघडला. अर्ज होता तसाच होता. टाचणीला जरा गंज चढला होता.

मग त्यांनी मला उचललं. इतक्या वर्षांत प्रथमच माझ्या पट्ट्या मागे फिरल्या. शेवटची तारीख लागली. त्यांनी मला अर्जावर दाबलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो.

अर्ज घेऊन ते बाईंकडे गेले. बाईंचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू येत होता.

“काका, रेघेखाली कसं लिहू? सही आहे माझी. हा शिक्का मी पाहिलाच नाही असं समजते. तुम्ही खरं काय घडलं ते लिहून द्या, मी शिफारस करून वर पाठवते. आजच.”

काका येऊन लिहायला बसले. स्वतःचा गुन्हा ते मोठ्या शुद्ध भाषेत लिहीत होते. दुसरं पान चालू होतं, तेवढ्यात खिडकीशी निळी पिशवी दिसली.

“बऱ्या झालात, काका?” तिने आधी हे विचारलं.

तिने एक अर्ज पुढे सरकवला. प्रवेश रद्द करून मूळ कागदपत्रं परत मिळण्याबाबत.

“थांब, पोरी. वर लिहितोय मी. सगळं लिहितोय.”

“उत्तर कधी येईल?”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“आईच्या तळहातांची सालं निघालीत, काका. सोड्याने. ठेकेदार म्हणतो, सोमवारपासून तिच्या जागी मी आले तर जागा राहील. त्याला मूळ गुणपत्रिका ठेवून घ्यायचीये, मी मधेच सोडून जाऊ नये म्हणून.” मग ती जराशी हसली. “बघा, काही कमी आहे का अर्जात?”

काकांनी सवयीने अर्ज तपासला. सगळं जिथल्या तिथे होतं. एकही त्रुटी नव्हती.

“या वेळी शिक्का मारा,” ती म्हणाली. “पोच द्या.”

त्यांनी मला उचललं. माझ्या पोटात अजून तीच मागे फिरवलेली तारीख होती. मला माहीत होतं. पण रोजची तारीख सकाळी एकदाच सरकवायची हा त्यांचा इतक्या वर्षांचा नेम, आणि डोळ्यांत पाणी. मी उमटलो. अर्जावर आणि पोचेवर, दोन्हीकडे. ठळक.

काकांचा कबुलीजबाब बाईंच्या शिफारशीसह वर गेला. कुलूप फोडायची परवानगी त्यानंतर चौथ्या दिवशी आली. तिच्यावरही मी उमटलो. कबुलीजबाबाचं उत्तर यायला दोन महिने लागले. एकच ओळ होती: ‘अर्जदाराने अंतिम दिनांकासच आपला प्रवेश रद्द करून घेतला असल्याने विशेष बाबीचा प्रश्न उद्भवत नाही.’

काकांनी ते तीनदा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. आरशात पाहावं तसं.

पुढची दोन वर्षं त्यांनी खण उघडला नाही. येईल तो अर्ज हातात पडताच शिक्का, आणि कागद कमी असला की लगेच लाल शाई. पोरं म्हणायची, म्हातारा काळजाचा दगड आहे. त्यांना कोण सांगणार, की हा दगड होण्याआधी काय होता?

माझी पट्टी संपली आणि काकांची नोकरीही. शिक्केवाल्याचं गणित बरोबर निघालं. आता अर्ज संगणकावर भरतात. तिथेही म्हणे कागद कमी असला की लाल अक्षरं येतात. फक्त चष्मा कपाळावर चढवणारं कुणी नसतं.

तुम्ही कुठल्या खिडकीशी उभे असाल तर माझं एवढं ऐका. आत कठोर माणूस भेटला तर भांडा. दयाळू भेटला तर त्याचे आभार माना, पण पोच घेतल्याशिवाय हलू नका. दयेलाही हृदयविकाराचा झटका येतो.

निवृत्तीच्या दिवशी काकांनी मला हातात घेतलं. पट्ट्या बराच वेळ फिरवत होते. मनासारखी तारीख लागल्यावर त्यांनी मला कशावरही उमटवलं नाही, खालच्या खणात ठेवलं आणि खण उघडाच टाकून गेले. माझी शाई कधीच वाळली. तारीख मात्र अजून तीच आहे: ती पोरगी पहिल्यांदा खिडकीशी वाकली, तो दिवस.