चार बोटं कमी

मामांची ठासणीची बंदूक तीस वर्षं भिंतीवर होती आणि तिचा गज तितकीच वर्षं मामींच्या खिडकीत पडदा सांभाळत होता. दारू आणि गोळी नळीत ठासायची ती लांब काठी पडद्याच्या ओझ्याने पार वाकली होती. "शिकाऱ्याच्या घरात गजाची ही दशा!" मामा रोज म्हणत, आणि मामी रोज पडदा सारखा करत.

आता रविवारी जुन्या बंदुकांची नेमबाजी ठरली. एका बारात रानडुक्कर लोळवल्याची गोष्ट मामांनी इतक्यांना ऐकवली होती, की लोकांनी त्यांचं नाव परस्पर घालून टाकलं. सुरुवातीला ते डुक्कर कुत्र्याएवढं होतं. हल्ली म्हशीच्या खाली उतरत नव्हतं. नवा गज भाचीकडूनच करून घ्या, असं मामींनी बजावलं.

भाची कातारी. खुर्च्यांचे पाय आणि जिन्याचे कठडे कातून देई. ती बंदूक एकदा तरी उडवायची, एवढीच तिची लहानपणापासूनची हौस. मामांचं उत्तर ठरलेलं, "ते खेळणं नाही."

मामा बंदूक आणि वखारीतून आणलेली एक गुळगुळीत काठी घेऊन तिच्या कारखान्यात आले. भाचीने ती गुडघ्यावर टेकवून वाकवली. कटकन मोडली.

"अगं, पॉलिश केलेली होती ती!"

"करवतीने कापलेली होती, मामा. रेषा मधेच तुटल्यात. ठासताना मोडली असती तर तळहातातून आरपार गेली असती. पाचर मारून फोडलं की लाकूड आपल्या रेषेने फुटतं. तेच टिकतं."

तसंच फोडून, रंधून, तेल पाजून तिने गज तयार केला आणि नळीत सोडला. टक्. नळीच्या तोंडाशी तिने त्यावर पेन्सिलीने खूण केली. अशी खूण प्रत्येक गजावर असते. नळी रिकामी की भरलेली, ते तिच्यावरून कळतं. मग सवयीने तिने ती खूण तोंडाशी धरून गज बाहेरून नळीला लावून पाहिला. तो बुडापर्यंत पोचतच नव्हता. चार बोटं कमी.

"मामा, आत काहीतरी आहे."

"गंज असेल."

"चार बोटं गंज?"

तिने नळीत पाणी ओतून दारू भिजवली, गजाच्या टोकाला पेच लावला, आत फिरवला आणि ओढला. कुजक्या चिंधीसकट शिशाची गोळी बाहेर आली.

"शेवटचा बार कधी काढला होता?"

"डुकराला."

"मग ही कोणाची?"

मामा मटकन स्टुलावर बसले. "चाप ओढला, नुसतं खट् झालं. डुक्कर आपणच पळालं. पहिल्या वर्षी खोटं बोललो गं. पुढे पुढे मलाच ते खरं वाटायला लागलं."

भाचीने गोळी बाकावर आपटली. "आणि रविवारी यावर दुसरा बार ठासला असता! नळी तोंडावर फुटली असती, कळतंय का?" ती खरंच चिडली होती. पण मामांचा पडलेला चेहरा बघता बघता तिचा राग उतरला आणि त्याच्या जागी भलतंच काहीतरी सुचलं. "मामींना सांगू?"

"पाया पडतो तुझ्या."

"पाया नको. रविवारी पहिला बार माझा."

"चालेल."

"निघाली का एकदाची?" दारातून आवाज आला. मामी डबा घेऊन उभ्या होत्या आणि गोळीकडे बघत होत्या.

"तुला माहीत होतं?" मामा स्टुलावरून उठले.

"डुक्कर कुंपणाशी आलं तेव्हा मी परसातच होते. बार झाला असता तर मला ऐकू आला नसता?"

"मग तीस वर्षं बोलली का नाहीस?"

"गोष्ट सांगताना तुम्ही इतके खुलता, मोडवेना." मामींनी डबा खाली ठेवला. "आणि पडद्याला मला दुसरी काठी मिळत नव्हती होय? गज हाताशी असता तर तुम्ही केव्हाच त्या गोळीवर दुसरा बार भरला असता."

डोळे पुसायला मामांनी बंदुकीचं फडकं घेतलं आणि तोंड काळं करून घेतलं.

"पहिला बार हिचा ठरलाय ना?" मामी म्हणाल्या. "मग दुसरा माझा."

"आणि मी?"

"तुम्ही डुकराची गोष्ट सांगा."