दोन फूट गाळ

सुपारीएवढा मुरमाचा खडा.

सप्तशृंगीच्या डोंगरावरून रात्री खाली उतरणारा गारवा. होळी झाली तरी गोधडी सुटत नाही.

सोमनाथच्या बहिणीला बघायला आलेले पाहुणे, माळाच्या बांधावर, दात कोरत: "हितं कुसळ तरी उगवतं का?"

अठराशे ट्रॉल्या.

तीन फूट लांब, तीन रुंद, पाच खोल.

तो खड्डा सकाळीच खणला होता. काठावर सोमनाथ आणि त्याचा बाप गेणू उभे होते. खड्ड्यात उतरली होती वाइन कंपनीची आभा मॅडम, हातात सुरी घेऊन. माळ पसंत पडला तर कंपनी पंधरा वर्षं द्राक्षं घेणार होती, आणि सोमनाथची कारखान्यातली पाळी कायमची सुटणार होती.

आल्या आल्या मॅडम खूश झाली होती. उतार झकास, रात्री थंडावा, पाणी थांबायला जागा नाही. असाच माळ शोधत होते, म्हणाली. आता मात्र ती नुसती खड्ड्याची भिंत खरवडत होती. वर दोन फूट काळंभोर, खाली मुरूम.

पाहुणे हसून गेले त्याच उन्हाळ्यात सोमनाथने धरणातला गाळ आणून अख्खा माळ झाकला होता. गावात बहुतेक सगळेच टाकतात. कांदा असा आला होता की लोक बघायला यायचे.

"ही माती इथली नाही," मॅडम म्हणाली. "कोणी टाकली?"

सोमनाथच्या तोंडून निघून गेलं, "आबांनी. जुनी माणसं, ऐकत नाहीत."

गेणूने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोक्यावरची टोपी सारखी केली.

"व्हय ताई, म्याच टाकला. अडाण्याला काय कळतंय."

मग मॅडमने म्हाताऱ्याला लहान मुलासारखं समजावलं. वाइनच्या द्राक्षाला मुरूमच लागतो, मुळं खोल जातात, फळ बारीक पण दाट रसाचं येतं. गाळात वेल नुसती माजते, द्राक्ष पाणचट होतं. आता अख्ख्या माळावरचा दोन फूट गाळ काढणार कसा? गेणू पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा मान हलवत होता. सोमनाथचे कान तापले. खरं बोलायला अजून वेळ होता. त्याने चहाचं विचारलं.

"बाबा, मनाला लावून घेऊ नका," म्हणून ती जीपमध्ये बसली. पलीकडे शेजारच्या नवनाथचा उघडाबोडका माळ होता, जीप तिकडे वळली.

गेणूने फावडं उचललं.

"राहू द्या आबा, मी बुजवतो."

"तू नीघ. पाळीला उशीर व्हईल."

सोमनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तो निघाला.

गाळाची पहिली ट्रॉली आली त्या दिवशी गेणू दुपारपर्यंत माळाच्या तोंडाशी वाट अडवून बसला होता.