देवयानीतला नवा तारा

कोपरच्या तुळसा भोईरने पीएच.डी.ला विषयच असा घेतला होता की गावात सांगायची सोय नाही. शेजारच्या देवयानी दीर्घिकेत अधूनमधून कुणीतरी क्ष-किरणांची बोंब ठोकतं आणि महिन्या-दोन महिन्यांत गप्प होतं. उपग्रह मेला आळशी! नकाशावर एक वर्तुळ काढून मोकळा: चोर यात कुठेतरी आहे, शोधा. आत तारेच तारे. दुर्बिणीतून काढलेला जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून नव्याने कोण उजळलाय ते बघत बसायचं, डोळे फुटेस्तोवर.

साल त्र्याण्णव. दसरा झाल्यावर तिने नव्या फोटोची निगेटिव्ह गावातल्या पंढरीच्या फोटो स्टुडिओत नेऊन मोठी प्रिंट काढून आणली. वर्तुळात टपोरा पांढरा तारा! जुन्या फोटोत तिथे काहीच नाही. तिने धावत पीसीओ गाठला.

"शाब्बास!" तिचे मार्गदर्शक सहस्रबुद्धे सर जन्मात पहिल्यांदा म्हणाले. "परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीची एकच रात्र मिळालीय. ती याच ताऱ्यावर लावू. संध्याकाळी त्यांना फॅक्स करतो. तुझा प्रबंध झालाच समज."

घरी येऊन निगेटिव्ह पाकिटात घालताना तिने सहज भिंग धरलं. निगेटिव्हवर तारे काळे दिसतात. हा लाल होता.

"आये! माझ्या फिल्मला हात लावलास?"

"खंडेनवमीला पुजली," चंद्रभागा कौतुकाने म्हणाली. "तुज्या बापाच्या मासलीच्या जाल्याला कुंकू लावायची, तुज्या कामाला नको? जास्तीचं पुसलं पण हां."

पुसून उरलेल्या कणाने प्रकाश अडवला होता आणि प्रिंटवर तारा उगवला होता. तुळसाला रडू आलं, हसू आलं, आईचा गळा धरावासा वाटला.

गप्प बसली असती तरी खपलं असतं. असले तारे मावळतातच. दुर्बिणीला काही दिसलं नाही तर मावळला म्हणायचं. मोह झाला, चांगलाच झाला. पण अख्ख्या जगाला कुंकवामागे पळवायचं? छे! चपला सरकवून ती परत पीसीओवर गेली.

"सर, फॅक्स थांबवा. तो तारा आमच्या आईने लावलाय."

सगळं ऐकून सरांनी फॅक्सचा कागद फाडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "ती रात्र आता दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकतो. प्रबंध पुढच्या वर्षी बघू."

ती परतली तेव्हा चंद्रभागा दारातच उभी होती.

"माज्यामुलं बिघरलं का गो?"

"काही नाही बिघडलं," तुळसा डोळे पुसत म्हणाली. "आणखी वर्षभर तुझ्या हातचं जेवणार, एवढंच. वाढ आता."