मालकाचा मुखवटा

फिलेरोसला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. आत मालक वेत्तिदियुस दाराकडे पाय करून फुलांखाली निजले होते, आणि बाहेर अंगणात ग्लौकस नावाचा नकल्या त्यांची चाल गिरवत होता. रोममधल्या मोठ्या घरांची रीतच तशी. मेलेल्याचा मेणाचा मुखवटा नकल्याने चढवायचा आणि अंत्ययात्रेत त्याच्यासारखं चालायचं, बोलायचं, लोकांना हसवायचंसुद्धा. मालकांच्या लकबी ठाऊक कुणाला? जन्मभर त्यांना कपडे चढवणाऱ्या गुलामालाच.

"डावा पाय ओढ जरा. अरे, लंगडा नको करूस त्यांना!"

"चाल जमली," ग्लौकस म्हणाला. "पण हशा पिकेल असं काहीतरी दे की, म्हाताऱ्या."

फिलेरोसने इकडेतिकडे पाहिलं. "स्वतःच्या कानाची पाळी ओढायचे. आणि मेजवानीत, चारचौघांसमोर, मला म्हणायचे, 'फिलेरोस, उद्या तुला मोकळा करतो!'"

"मग? केलं?"

"उद्या करणार होते."

ग्लौकस खो खो हसला. फिलेरोसला हसू आलं नाही. मृत्युपत्रात त्याचं नाव नव्हतं. आता तो धाकट्या मालकांचा, सेक्स्टुसचा. पण मालकाने मित्रांसमोर नुसतं तोंडाने म्हटलं तरी गुलाम सुटतो, आणि आज चौकात सगळे मित्र जमणार होते. बापाचा शब्द सगळ्यांसमोर निघाला, तर सेक्स्टुस लाजेकाजेस्तव तरी हो म्हणेल. एवढ्या एका आशेवर त्याने सगळं लावलं होतं. सुटलेल्यांची लोकरीची टोपी त्याच्या काखेत होती. त्याच्या बायकोने, ख्रेस्तेने, ती केव्हाच शिवून ठेवली होती. ती स्वतः सुटून सुबुरा वस्तीत भाजलेले हरभरे विकत होती, त्याची वाट बघत होती.

बासऱ्या वाजल्या, शिंगं वाजली. मिरवणूक चौकात थांबली. मुखवटा चढवून ग्लौकस पाय ओढत आला, तेव्हा फिलेरोसचा हात सवयीने त्याचा झगा सारखा करायला पुढे झाला. स्वतःचीच चीड आली त्याला.

ग्लौकसने कानाची पाळी ओढली. "फिलेरोस! उद्या तुला मोकळा करतो!"

चौक हसून लोटपोट झाला. "जित्याची खोड मेल्यावरही जाईना!" कुणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, "सेक्स्टुस, अरे बाप देवाघरी निघाला, आता तू तरी कर की मोकळा!"

हसू ओसरलं. सगळे सेक्स्टुसकडे बघू लागले. त्याचा चेहरा लाल झाला. फिलेरोसची बोटं काखेतल्या टोपीवर गेली. सेक्स्टुसचा हात नकळत कानाकडे गेला आणि त्याने पाळी ओढली.

"करतो की," तो म्हणाला. "उद्या."

मघापेक्षा दुप्पट हशा झाला. लोकांना वाटलं, पोरगा नकल्यापेक्षा सरस निघाला. मिरवणूक पुढे सरकली. फिलेरोस जागचा हलला नाही, तसा मागच्याने त्याला ढकललं.

ख्रेस्ते गर्दीतून वाट काढत आली. मागे उभी असल्याने तिला नीट ऐकू आलं नव्हतं.

"काय म्हणाले?"

"उद्या."

"कोण? मेलेला की जिता?"

"दोघंही."

मग तिने हात पुढे केला.

"आण ती टोपी इकडे. घामाने कुजेल."