शंभर आणि शंभर, पन्नास

मी मॅडम अपोलोट बोलतेय. फळ्याशेजारी उभी असलेली, पिवळ्या गोमेसीतली, म्हणजे इकडच्या बायकांच्या फुगीर बाह्यांच्या झग्यातली, डोळ्यांवर चष्मा असलेली बाई तुम्ही टॅबच्या पडद्यावर पाहिली असेल. ती मी. वय विचारू नका, मी जन्मले तीच चाळिशीची.

कंपालात एका दुमजली इमारतीच्या वरच्या खोलीत मुगेर्वा नावाच्या चित्रकाराने मला काढलं. आधी त्याने मला फार हसरी केली होती. आवाज द्यायला आलेल्या अमोंगिनबाई चित्र बघून म्हणाल्या, "ही काय साबण विकायला निघालीय का?" मग माझं हसू अर्धं झालं.

अमोंगिनबाई तेवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होत्या, आता सोरोटीच्या शाळेत. सुट्टीत येऊन त्यांनी एकशेचाळीस धडे माझ्या तोंडी घातले. मुलांची शाळा सुटली असेल, गावात विज्ञानाचा शिक्षक नसेल, तरी सीनियर फोरची शालान्त परीक्षा देता यावी, म्हणून मी. उत्तर बरोबर आलं की मी मान डोलावून म्हणायचे, "छान! पुढे चल." चुकलं की मान हलवून, "पुन्हा विचार कर." मला एवढंच येत होतं.

शेवटी सगळे धडे तपासायला बाईंकडे पाठवले गेले. त्यांनी पहिले दहा पाहिले, आवाज आपलाच आहे याची खात्री केली आणि सही करून दिली. माणसं असं करतात. आपलंच बोलणं पुन्हा ऐकायचा सगळ्यांनाच कंटाळा असतो.

नगोराजवळच्या एका गावात चर्चच्या जुन्या गोदामात आमचं केंद्र आहे. सहा टॅब, छपरावर सौर पॅनेल, चार बाकं. किल्ली अगूतीमावशींकडे. त्या शिकवत नाहीत, पण कोण आलं नाही, कोणाचं पोर तापलंय, कोणाच्या बापाने दारू पिऊन वह्या फाडल्या, हे सगळं त्यांना ठाऊक.

तिथे अकुरुत यायची. सतरा वर्षांची. सीनियर थ्रीत असताना तिला मूल झालं आणि शाळा सुटली. मुलीला पाठीशी बांधून ती यायची. पोर खांद्यावरून हात पुढे काढून माझ्या तोंडावर चापट मारायचं, त्याबरोबर धडा भलतीकडेच जायचा. अकुरुत न चिडता परत जागेवर आणायची. उरलेल्या वेळात ती आत्याच्या दुकानात बसे. तिथे लोक फोन चार्ज करायला ठेवत आणि बिघडलेले रेडिओ आणत.

छप्पन्न धडे तिने भराभर संपवले. सत्तावन्नावा होता रोधकांच्या, म्हणजे विजेचा प्रवाह अडवणाऱ्या भागांच्या, जोडणीचा. फळ्यावर दोन रोधक समांतर जोडलेले, म्हणजे एकाशेजारी एक, प्रवाहाला दोन वाटा. आणि मी सांगत होते, "अशा जोडणीत दोन्हींची बेरीज करायची. शंभर आणि शंभर, दोनशे."

अकुरुतने उत्तर निवडलं: पन्नास.

मी मान हलवली. "पुन्हा विचार कर."

दुसऱ्या दिवशी ती परत आली. पुन्हा पन्नास. त्या आठवड्यात तिने तेच उत्तर अकरा वेळा दिलं आणि अकराही वेळा मी मान हलवली. शेजारच्या बाकावरच्या मुली हसायला लागल्या. तिने अगूतीमावशींना सांगितलं, की आत्याच्या दुकानात तिने रेडिओतले दोन रोधक काढून तसेच जोडून पाहिले, मीटर पन्नासच दाखवतो.

मावशींना मीटरचं काही कळत नव्हतं. पण त्यांना महिनाअखेर दिसत होती. ज्या मुलींचे तोवरचे सगळे धडे पास होऊन हिरवे झालेले, त्यांचीच नावं परीक्षेसाठी नगोराच्या शाळेकडे जायची. बाकीच्यांना एक वर्ष थांबायचं. आणि पाठीवर पोर असलेल्या मुलीचं एक वर्ष थांबणं म्हणजे काय, हे मावशींनी बरंच पाहिलं होतं.

"अगं बाई, तिला हवं ते दाब आणि पुढे हो," त्या म्हणाल्या. "परीक्षेत लिही तुझं पन्नास."

"आणि बाकीचे छप्पन्न धडे?" अकुरुत म्हणाली. "तेही हिला हवं तेच दाबून झालेत. त्यातलं खरं कुठलं, मावशी?"

मावशींनी टॅब कानाशी धरला. मग म्हणाल्या, की हा आवाज आपल्या ओळखीचा आहे. या बाई पूर्वी नगोराच्या शाळेत होत्या, आपल्या धाकट्या बहिणीला शिकवायच्या. बहिणीकडून नंबर मिळाला. फोनवर अमोंगिनबाई चांगल्याच तापल्या. तेवीस वर्षं शिकवतेय, अशी चूक माझ्या तोंडून जाणारच नाही, पोरीने चित्र नीट बघितलं नसेल, म्हणाल्या. पण शनिवारी बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, बसून धूळ खात त्या आल्याच.

मी माझा आवाज तेव्हा पहिल्यांदा बाहेरून ऐकला. जरा घोगरा झाला होता. बाई बाकावर बसल्या, धडा सुरू केला आणि मी बोलू लागले. त्यांच्या पुढ्यात, त्यांच्याच आवाजात, ठासून चुकीचं. अर्ध्यावर त्यांनी चष्मा काढला. घाम पुसण्यासाठी असेल, असं मला वाटलं. पण तो त्यांनी परत घातला नाही.

चित्रं उलटसुलट लागली होती. एकसर जोडणीत, म्हणजे रोधक एकामागे एक असले तर, बेरीज होते; तिच्या आवाजाला समांतर जोडणीचं चित्र लागलं होतं, आणि समांतरच्या आवाजाला एकसरचं. धड्याच्या पाचांतले तीन प्रश्न त्यावरच.

"दाखव," त्या अकुरुतला म्हणाल्या. तिने ओच्यातून मीटर काढला, तारा जोडल्या. पन्नास. पोर मीटर ओढायला बघत होतं, मावशींनी त्याला उचलून घेतलं.

"किती वेळा दाबलंस?"

"अकरा."

"आणि दरवेळी मी तुला पुन्हा विचार करायला सांगितलं."

"तुम्ही नाही, मॅडम. हिने," अकुरुतने माझ्याकडे बोट केलं.

"मीच," बाई म्हणाल्या. "सही माझी आहे."

सगळ्या मुलींना त्यांनी जवळ बोलावलं. मी हे चुकीचं शिकवलं, न बघता सही केली, असं त्यांनी सरळ सांगितलं आणि गोदामाच्या दारावर खडूने दोन्ही जोडण्या काढून सगळं पहिल्यापासून समजावलं. मग नगोराच्या मुख्याध्यापकांना चिठ्ठी लिहिली आणि कंपालाला एक पत्र. अकुरुतचं नाव यादीत गेलं.

कंपालात मुगेर्वाला चित्रं अदलाबदल करायला पाऊण तास लागला. तोवर चार हजार आठशे मुलं त्या धड्यातून पास होऊन गेली होती. प्रत्येकाला मी "छान!" म्हटलं होतं. त्यातल्या किती जणांनी खरं माहीत असूनही दोनशे दाबलं असेल, मला सांगता येत नाही. मला जाब विचारणारं पहिलं पत्र या गावातून गेलं ते हेच.

अकुरुत पास झाली. भौतिकशास्त्रात चांगले गुण, इंग्रजीत जेमतेम. आता सोरोटीला वीजकाम शिकते. मुलगी आत्याकडे असते, त्यामुळे दर शनिवारी ती गावी येते आणि तासभर केंद्रात बसते.

माझे दिवस भरत आलेत. नवी बाई आली आहे, तीही पडद्यातलीच. ती विचाराल त्या प्रश्नाचं उत्तर देते, मुलाचं नाव घेऊन बोलते, कधीच अडत नाही. मी आता दोन जुन्या टॅबवर उरलेय. तिचा राग नाही. पण जाता जाता एक सांगावंसं वाटतं. आम्ही पडद्यातल्या बाया कधी लाजत नाही, म्हणून आमचं सगळंच खरं वाटतं. तेवढं सांभाळा.

गेल्या शनिवारी एका नव्या मुलीने नव्या बाईचं उत्तर दाखवून अकुरुतला विचारलं, "ताई, हे बरोबर आहे का?"

"माहीत नाही," अकुरुत म्हणाली. "चल, करून बघू."

एकशेचाळीस धड्यांत हे वाक्य माझ्या तोंडी कुणी घातलं नव्हतं.