खंडेनवमीचे चार प्लग

उज्वला अंघोळ करून बाहेर आली आणि देवघरासमोरचा पाट बघून तिच्या डोक्यात तिडीक गेली.

पाटावर खंडेनवमीची नेहमीची मांडणी होती. विळा, कोयता, सासऱ्यांचे जुने पान्हे, घरातल्या सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. आणि मधोमध, लग्नात मिळालेल्या चांदीच्या वाट्यांसारखे लखलखीत, तिच्या व्हॅनचे चार स्पार्क प्लग.

"आई! हे प्लग कोणी घासले?"

"मीच की," लंकाबाई कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाल्या. "केवढे कळकट झाले व्हते. सणाच्या दिवशी हत्यार असं मळकं ठेवत्यात व्हय?"

कोणाच्या घरात असं होत असेल? पोलिसांनी पंचनामा करायच्या आधी कोणी फरशी पुसून तिथं रांगोळी काढावी, तसं झालं होतं हे.

त्याचं असं झालं होतं. इंदिरानगरातली पोरं गंगापूर रोडच्या शाळेत नेणारी ही व्हॅन उज्वला चालवायची. स्वतःची मुलगी पहिलीत गेली त्या वर्षापासून चालवत होती, आणि गाडीला साधा ओरखडा पडू दिला नव्हता. गाडी मात्र सासूबाईंच्या नावावर होती. श्रावणात उज्वलाला डेंग्यू झाला, ती अंथरुणाला खिळली, आणि धाकटा दीर रविराज मित्रांना घेऊन त्याच व्हॅननं वणीच्या गडावर जाऊन आला. परत आली ती गाडी खोकतच. चढावर दम नाही, इंजिन गार ठेवणारी पाण्याची टाकी कोरडीठाक. तरी रविराज सगळ्यांसमोर छाती काढून म्हणाला, "वहिनीच कायम हाफ क्लचवर रेटते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चालवली की इंजिनाचं असंच होणार. विकून टाकू या."

विकून टाकू या! मुळात त्याच्या बापाची होती खरी गाडी, पण तो बाप गेल्यापासून तिच्या चाकाला हवा कोणी भरली होती?

शेवटी लंकाबाईंनी आपल्या भावाला, हिरामणमामांना मध्ये घातलं. मामांचं पंचवटीत गॅरेज होतं आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तोंडाच्या गप्पा नकोत. प्लग काढून ठेवा. गाडी हळू हळू कुंथवली असंल तर प्लगावर काळी काजळी बसती. पाण्याबिगर तापवली असंल तर आतली चिनीमाती पांढरीफटक पडती, फोड येतात तिला. खंडेनवमीला जेवायला येतो, तवा बघतो. काळे निघाले तर गाडी रविराजनं विकावी. पांढरे निघाले तर उज्वलाची, आणि इंजिनाचा खर्च रविराजचा. पण हात लावू नका. जो प्लग ज्या जागेचा, तसा नंबर टाकून मांडा."

म्हणून काल संध्याकाळी उज्वलानं पुढची सीट उचलून, खालच्या इंजिनातून स्वतःच्या हातानं चारही प्लग काढले. खिडकीच्या कठड्यावर वर्तमानपत्र पसरून खडूनं नंबर टाकले आणि ओळीनं मांडले. चारही पांढरे. तिसऱ्याला तर भाजलेल्या पापडासारखे फोड. तिनं महेशला बोलावलं. महेश, तिचा नवरा, ओझरच्या कारखान्यात सुटे भाग तपासायच्या खात्यात होता. एखादा भाग खराब आहे का हे बघणं हेच त्याचं पोटापाण्याचं काम. त्यानं तिसरा प्लग उजेडात धरून सावकाश फिरवून बघितला.

"दिसतंय ना?" तिनं विचारलं.

"हं," तो म्हणाला. "उद्या मामा बघतील. उगाच आत्ता वाद नको."

फोटो काढून ठेवावा हे तिच्या मनातही आलं नाही. आपल्याच घरात, आपल्याच खिडकीत ठेवलेली वस्तू कोणापासून जपायची?

आता तीच वस्तू कुंकू लावून पाटावर बसली होती. उज्वलानं एक प्लग उचलला. बाहेरचं लोखंड पितांबरीनं घासलं होतं, त्याचा वास येत होता. पण आत, चिनीमातीच्या भोवतीच्या अरुंद फटीत, बारीक ओरखडे होते. सासूबाईंचं बोट तिथं जाणं शक्यच नव्हतं.

"आई, हे आतलं कसं घासलं तुम्ही?"

"आतलं मला कुठं दिसतंय, बाई? ते महेशनं पॉलिश पेपरनं काढलं. त्यानंच तर सकाळी आणून दिले. म्हणाला, आई, हे पण पूजेत घे."

म्हातारीवरचा राग क्षणात उतरला. तिचं काय चुकलं होतं? तिला लेकानं हत्यार दिलं, तिनं भक्तिभावानं पुजलं. आणि हा! चोरासारखा पहाटे उठून, पॉलिश पेपरची सुरळी करून बायकोचं खरं खरवडत बसला होता. तो आत्ता खाली मोटारसायकलला हार घालत होता. जिना उतरून तिथंच गचांडी धरावी असं तिला वाटलं. ती निघालीही, पण दारातच हिरामणमामा उभे होते.

"कुठंय गं प्लग?" चप्पल काढता काढताच मामांनी विचारलं.

तिनं पाटाकडे बोट दाखवलं. मामांनी एक प्लग हातात घेतला, मग दुसरा, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"लंके, काय करून ठेवलं हे? आता ह्यात काय वाचू मी? डोंबल?"

लंकाबाई गोंधळून सगळ्यांकडे बघायला लागल्या. सोफ्यावर बसलेल्या रविराजला हसू आवरेना. "जाऊ द्या मामा. आईनं पूजा केली, देवाचीच इच्छा."

तेवढ्यात महेश वर आला. उज्वला दात आवळून त्याच्याकडे बघत राहिली. ह्यानं आपणहून तोंड उघडावं, एवढी एकच संधी ती त्याला देत होती.

"महेश, तू बघितले व्हते का?" मामांनी विचारलं. "कसे व्हते?"

महेशनं हार घालून पिवळी झालेली बोटं रुमालाला पुसली. भावाकडे बघितलं, आईकडे बघितलं. बायकोकडे बघितलं नाही.

"काळे होते," तो म्हणाला. "काजळीच होती, मामा."

"काजळी?" उज्वलाचा आवाज इतका चढला की लंकाबाई दचकल्या. "काजळी पेट्रोलच्या फडक्यानं पुसली तरी निघते. मग पहाटे उठून पॉलिश पेपर कशाला घेतला होता तुम्ही? काय घासत होता?"

लंकाबाईच हळूच म्हणाल्या, "व्हय, लय जोर लावत व्हता तो."

मामांनी खिशातून चष्मा काढला. एकेक प्लग उजेडात नेला, टोकावरून अंगठा फिरवला. तिसऱ्यापाशी ते थांबले.

"वरचं घासलंस महेश, पर हे जळालेलं टोक परत कुठनं आणशील? कड जळून गोल झालीय, काजळीनं असं व्हत नाही. रविराज, घाटात इंजिन तापल्याचा काटा कुठं गेला व्हता?"

रविराजचं हसू मावळलं. "जरा वर गेला होता. पण मित्र म्हणाले, आता वर जाऊनच थांबू."

"मग थांबलं इंजिन," मामा म्हणाले. "गाडी उज्वलाची. खर्च तुझा. जेवायला वाढा."

जेवणं झाली. स्वयंपाकघरात महेश तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"गाडी मिळाली ना तुला? मला फक्त घरात वाद नको होता. तो धाकटा आहे, खर्च कुठून..."

उज्वला वळली. लग्न झाल्यापासून तिनं त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती.

"महेश, काल खिडकीत आपण दोघं उभे होतो. तू बघितलं होतंस."

ती तशीच बाहेर गेली आणि पाटावरचे चारही प्लग गोळा करायला लागली. पुजलेलं हत्यार दसऱ्याआधी हलवायचं नसतं, असं लंकाबाई म्हणत राहिल्या. तिनं प्लग कुंकवासकट रुमालात बांधले आणि दारात चप्पल घालणाऱ्या मामांच्या हातात गाठोडं दिलं.

"हे तुमच्या गॅरेजमध्ये ठेवा मामा," ती महेशला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझ्या घरात ते जपले जात नाहीत."