दहाव्याला दिलेला शब्द

आई चौऱ्याण्णवच्या मार्चात गेली. दहाव्याला प्रवरासंगमावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. चार-पाच समोर बसलेले, पण एकही खाली उतरेना. ऊन चढलं, भटजींना पुढचे दहावे होते, आणि आईला आयुष्यात कधी काही न विचारलेल्या भावकीला एकाएकी तिच्या मनातलं सगळं कळू लागलं.

मी एकुलता एक. आईच्या मनात माझ्याशिवाय काय असणार, हा माझा तोरा. हात जोडून पुढं झालो. तात्यांना, म्हणजे वडिलांना, राहात्याला माझ्याकडं नेईन म्हणालो. तुझी म्हैस विकणार नाही, असंसुद्धा म्हणालो. मागं कुणीतरी हसलं. कावळे ढिम्म.

मग तात्या उठले. पिंडासमोर बसले आणि मान खाली घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"रंगू, कानिफला घरात घेतो."

एक कावळा उतरला आणि भात उचलून गेला. लोक सुटल्यासारखे अंघोळीला वळले. मी तिथंच उभा. कानिफ कोण?

छबूमावशीनं मला पायरीवर बसवून सांगितलं. आईचा आधी एक संसार झाला होता, पाथर्डीकडं. नवरा साप चावून गेला, तेव्हा कानिफनाथ तीन वर्षांचा होता. तात्यांनी तिच्याशी पाट लावला तो एका अटीवर. पोर सोबत आणायचं नाही आणि त्याचं नाव घरात काढायचं नाही. आईनं ते पस्तीस वर्षं पाळलं. मला भरवताना, निजवताना पाळलं. मला तात्यांचा संताप आला, आणि खरं सांगतो, आईचाही आला.

तात्यांना जाब विचारला, तर म्हातारा पोरासारखा रडला. म्हणाले, "मला वाटलं, इसरंल. न्हाई इसरली. जा, घिऊन ये त्याला."

दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो. दारात आलेला माणूस माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. कपाळ आईचं, हनुवटीही तिचीच. आणि डोकं ताजं भादरलेलं, माझ्यासारखंच. मावशीनं त्याला निरोप धाडला होता. त्यानं तिथल्या तिथं, एकट्यानं सुतक पाळलं होतं.

मी पाया पडलो. दादा, घरी चला, तात्यांनीच बोलावलंय, म्हणालो. त्यानं मला जवळ बसवून घेतलं, पाठीवर हात ठेवला.

"ल्हानपनी रोज आजीला इचारायचो, आई मला कवा न्हेनार. आता तू न्यायला आलास," तो म्हणाला. "पन तिथं येऊन मी आई कुनाला म्हनू?"